दाब, धर, सोड

"दाब," बाबा गाडीखालून म्हणतात.
मी दाबते.
"धर."
धरते.
खाली ब्लीडर अर्धा वळसा उघडतो, मिटतो.
बरणीत बुडवलेल्या नळीतून
बुडबुडासुद्धा येत नाही आता.
"सोड."
शनिवारपासून आमच्यात एवढंच बोलणं.

हायलक्स सत्त्याऐंशी सालची, रंग एके काळी लाल.
चिलोएच्या खाऱ्या वाऱ्यानं मडगार्डं
बिस्किटासारखी कुरतडलेली.
मास्टर सिलिंडर नवा, स्लेव्ह सिलिंडर नवा,
क्लच प्लेट मार्चमध्येच टाकलेली,
आणि रबरी होज मी आणला, पुएर्तो मोन्तहून,
बसमध्ये, मग फेरीत, मांडीवर धरून.
होजसोबत एक मोठी बॅगही आणली.
होज त्यांनी उजेडात धरून वाकवून पाहिला.
बॅगेचं काही विचारलं नाही.
ती सीटमागे आहे अजून.

सगळं नवं, तरी पेडल
ओल्या पावात बोट जावं तसं जातं.
रिव्हर्स टाकला की गिअरबॉक्स
अख्ख्या गल्लीला शिव्या घालतो.
बाबांनी तेलाच्या तीन बाटल्या संपवल्या,
रात्रभर ब्लीडर उघडा ठेवून थेंब थेंब गळू दिलं,
पेडलच्या दांड्याचा नट अर्ध्या अर्ध्या आट्यानं फिरवला,
तैवानी मालाला बोल लावला, दुकानदाराला लावला,
मग हळूच मला: "पूर्ण दाबतेस ना?"

स्लेव्हचा दांडा सतरा मिलिमीटर सरकायला हवा.
सरकतो दहा. पट्टी लावून मोजलं, चारदा.
तेल कुठे गळत नाही. हवा उरलेली नाही.
मग सात मिलिमीटर जातात कुठे?
कुठेतरी पाणी मुरतंय म्हणावं,
तर कार्पेटही कोरडं.

मंगळवारी दोन बाउदिलिओ दोर परत करायला आले.
होड्या बांधणारा माणूस, इंजिनातलं त्याला शष्प कळत नाही.
बॉनेटवर कोपर टेकून नुसते उभे राहिले.
"दाब," बाबा म्हणाले.
मी दाबलं.
"तुमचा पत्रा श्वास घेतोय की," दोन बाउदिलिओ म्हणाले.

बाबा खालून बाहेर आले, पाठीला चिखल.
"पुन्हा दाब, हळू."
मी दाबलं, आणि ते दोघं वाकून बघत राहिले,
इंजिन आणि केबिनमधला पत्रा
मास्टर सिलिंडरसकट फुगून पुढे येताना.
"फळी अशी हलली तर होडी पाण्यात सोडत नाही मी."

सिलिंडर उतरवला. रंगाखाली
एका बोल्टपासून दुसऱ्याकडे निघालेली भेग,
बोटभर लांब, कडेला गंजलेली. जुनीच.
माझा पाय सिलिंडर दाबत नव्हता, भिंत ढकलत होता.
बाबा फळांच्या खोक्यावर बसले.
"अठरा वर्षं," म्हणाले. पुढे काही नाही.
मी पाण्याचा जग आणला, त्यांनी प्यायलं नाही,
जग मात्र हातात धरून ठेवला.

वेल्डिंग एलादिओनं केलं, बसथांब्याच्या जुन्या पाटीचा तुकडा लावून.
दालकाउए गावाची पाटी, कापताना निम्मीच उरली: दालका.
"दालका म्हणजे होडीच," दोन बाउदिलिओ हसले,
"आमच्या आजोबांच्या वेळची, फळ्या शिवलेली."
बाबांना हसू आलं नाही, पण पाटीवर त्यांनी
नेहमीचा काळा रंग मारला नाही.

गुरुवारी शेवटचं एकदा.
दाब. पेडल अर्ध्यातच पायाला भिडलं,
कुणी समोरून हात दिल्यासारखं.
धर. पट्टीवर साडेसोळा.
मी किल्ली फिरवली, रिव्हर्स टाकला.
हूं की चूं नाही.
गाडी अंगणातून मागे सरकली, कोंबड्या बाजूला झाल्या,
बाबा खिडकीबरोबर चालत आले, हात पुसत,
सीटमागे पाहिलं.
"सोड" म्हणतील म्हणून मी पाय धरून होते.

"बॅग आत ने," म्हणाले. "ह्या काचेतून पाणी येतं."